बिस्किटाचा पुडा वाडीवर पोचतो, मग वाडीचा तांदूळ पुण्यात का अडतो?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून एसटीत बसून कुणी ऐकतंय, गाडीवरून एका कानात इअरफोन घालून कुणी ऐकतंय (तसं करू नका, खरंच), आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही कुणी ऐकतंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. वेल्हे तालुक्यातली, म्हणजे सरकारी कागदावर आता राजगड तालुका, तिथली एक ताई. कॉलेज संपलंय, घरी भातशेती. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, मी आमच्या इंद्रायणी तांदळाचे रील टाकले. लावणीचा रील तर तुफान चालला. कमेंटमध्ये सगळे म्हणतात 'पाठवा ना ताई', 'रेट काय?' पण प्रत्यक्षात विकला गेला दीड पोतं. त्यातही कुरियरचे पैसे गेले ते वेगळेच. बाबा म्हणतात, यंदाच्या सुगीला सगळं भात खळ्यावरूनच व्यापाऱ्याला देऊन टाकू, तुझे खेळ बास झाले. त्यांना काय सांगू?"

मेसेज ऐकला आणि वाटलं, हा एकटीचा प्रश्न नाही. भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या तरुण घरांचा आहे. रील बनवता येतो, माल चांगला आहे, पुणं तासा-दीड तासावर आहे. तरी पैसे दिसत नाहीत. असं का, ते आज नीट उलगडून बघू. शेवटी हिशोबही करू, त्यामुळे कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

आधी उलटा प्रवास बघू: पुडा वर कसा चढतो?

तुम्ही राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात जा, पालीत जा, नाहीतर भोरवरून वरंध घाटाच्या दिशेनं हिर्डोशी खोऱ्यात जा. छोटंसं दुकान असतं. त्यात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असतो, शाम्पूची पुडी असते, साबणाची वडी असते. किंमत तीच, जी पुण्यात लक्ष्मी रोडला आहे. हे कधी विचित्र वाटलंय का? एवढा घाटरस्ता चढून माल आला, तरी एक रुपयाही जास्त नाही!

हे आपोआप होत नाही. त्यामागं एक साखळी आहे. कंपनीच्या कारखान्यातून माल जातो कंपनीच्या डेपोत, किंवा सी अँड एफ एजंटकडे. तिथून डिस्ट्रिब्युटरकडे. डिस्ट्रिब्युटर हा तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजारगावाचा माणूस. त्याचं गोडाऊन असतं, टेम्पो असतो, सेल्समन असतो. सेल्समनची 'बीट' ठरलेली असते. म्हणजे सोमवारी हा रस्ता, मंगळवारी तो रस्ता. त्या रस्त्यावरची सगळी दुकानं एका फेरीत करायची. ऑर्डर घ्यायची, मागची उधारी वसूल करायची, नवीन स्कीम सांगायची.

किराणा मालात दुकानदाराला साधारण ८ ते १२ टक्के मार्जिन मिळतं, डिस्ट्रिब्युटरला ४ ते ६ टक्के. मालाप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणजे डिस्ट्रिब्युटर फार थोड्या टक्क्यांवर काम करतो. त्याला ते परवडतं, कारण एका टेम्पोत तो एकच वस्तू नेत नाही. बिस्किट, साबण, चहा पावडर, मसाला, सगळं एकत्र. आणि एका रस्त्यावर वीस-पंचवीस दुकानं. टेम्पोचं डिझेल सगळ्या मालावर वाटलं जातं, म्हणून एका पुड्यावर ते काही पैशांतच बसतं.

हे वाक्य लक्षात ठेवा: एका फेरीत किती थांबे आणि प्रत्येक थांब्यावर किती माल, यावर वाटपाचा खर्च ठरतो. अंतर त्यानंतर येतं. आपल्या ताईचा प्रश्न इथंच अडकलाय. त्याकडे येतोच.

मोठ्या कंपन्यांनी खेड्यासाठी काय डोकं लावलं?

दोन-तीन उदाहरणं पटकन सांगतो, कारण त्यातून आपल्याला उचलता येण्यासारखं आहे.

पहिलं, पार्ले. १९२९ साली मुंबईत विलेपार्ल्याला कारखाना, गावाच्या नावावरूनच कंपनीचं नाव. त्यांच्या ग्लुकोज बिस्किटाचं वैशिष्ट्य म्हणजे छोट्या पुड्याची किंमत त्यांनी वर्षानुवर्षं जवळजवळ हलवली नाही. महागाई वाढली की पुड्याचं वजन थोडं कमी केलं, पण नाणं तेच ठेवलं. कारण वाडीवरच्या दुकानात पोरगं पाचचं नाणं घेऊन येतं, साडेपाच रुपये घेऊन येत नाही.

दुसरं, शाम्पूची पुडी. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत विकायची कल्पना आणली. पुढं त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली स्वतःचा धंदा काढून 'चिक' शाम्पू खेडोपाडी नेला. अख्खी बाटली घ्यायला ज्यांच्याकडे एकावेळी पैसे नव्हते, ते गिऱ्हाईक झाले. मुद्दा काय, तर पुडीचं माप गिऱ्हाइकाच्या खिशाच्या मापाचं हवं.

तिसरं, हिंदुस्तान लिव्हर, आताची हिंदुस्तान युनिलिव्हर. ज्या छोट्या गावांत डिस्ट्रिब्युटरचा टेम्पो पाठवणं परवडत नव्हतं, तिथं त्यांनी २००१ च्या सुमारास 'प्रोजेक्ट शक्ती' सुरू केला. बचत गटातल्या बाईलाच माल द्यायचा, तीच घरोघरी विकणार. गावात तिची ओळख असते, विश्वास असतो. कंपनीला शेवटचा टप्पा मिळाला, बाईला कमाई.

आता बघा, तिन्ही ठिकाणी जाहिरात होतीच. पण जाहिरातीच्या आधी माप, रस्ता आणि शेवटचा माणूस ठरला होता. आपण काय करतो? आधी रील टाकतो, आणि ऑर्डर आली की मग विचार करतो, पाठवायचं कसं!

आता आपला माल: इंद्रायणी म्हणजे नेमकं काय विकतोय?

विकणाऱ्याला आपल्या मालाची गोष्ट खरी-खरी माहीत पाहिजे. इंद्रायणी ही शेकडो वर्षांची पारंपरिक जात नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती तयार केली, १९८७ साली. म्हणजे आंबेमोहोराचा वास, आणि त्याच्यापेक्षा चांगला उतारा. म्हणून मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या सगळ्या पट्ट्यात ती पसरली.

त्यामुळे रीलमध्ये "शिवकालीन इंद्रायणी" वगैरे लिहू नका. गिऱ्हाईक एकदा फसतं, पण त्याच्या हातातही मोबाइल आहे, ते शोधून काढतं. तसंच आंबेमोहोराचं. मुळशी आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, ते मुळशीचं आहे. आपण आपल्या खोऱ्याचं नाव लावावं. कानंद खोरं, गुंजवणी खोरं, हिर्डोशी खोरं, ही नावं काय कमी गोड आहेत का?

दुसरी गोष्ट, इंद्रायणी मऊ, थोडी चिकट होते. हे तिचं रूप आहे. पण बासमतीची सवय असलेल्या घरात ती गेली आणि त्यांनी नेहमीसारखं पाणी घातलं, तर भाताचा गोळा होतो. आणि दोष कुणाला? तुम्हाला. म्हणून पिशवीवर, नाहीतर व्हॉट्सअॅपवर, दोन ओळी लिहा: तांदूळ नवा आहे की जुना, पाणी किती घालायचं, कुठल्या पदार्थाला चांगला. वरण-भात, मऊ भात, खीर यांना उत्तम. पुलावाला नको. "पुलावाला नको" हे विकणाऱ्यानंच सांगितलं ना, की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट साठवणीची. तांदूळ करून ठेवला की वास उतरायला लागतो, किडा लागायची भीती. भात, म्हणजे तुसासकट, चांगलं वाळवून ठेवलं तर जास्त टिकतं. म्हणून सगळं एकदम भरडू नका. ऑर्डर गोळा करा, तेवढंच गिरणीत न्या. "परवा भरडलेला तांदूळ" हे शहरातल्या दुकानाला सांगता येत नाही, तुम्हाला येतं.

आता हिशोब. पेन्सिल काढा.

पुढचे आकडे मी हिशोबापुरते धरलेत. तुमच्या गावचा भाव, तुमच्या गिरणीचा दर, तुमचा उतारा घालून परत करा. अंदाज यावा म्हणून सांगतो, २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या भाताचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. आपण इंद्रायणी आहे म्हणून २,५०० धरू.

म्हणजे खळ्यावर १ क्विंटल भात दिलं, तर हातात २,५०० रुपये. गाडी व्यापाऱ्याची, पोतं त्याचं, कटकट नाही.

आता तेच १ क्विंटल भरडलं. ६० किलो अख्खा तांदूळ निघाला असं धरू, शिवाय ५ किलो कणी. तांदूळ ६५ रुपये किलोनं: ३,९००. कणी २५ नं: १२५. एकूण ४,०२५.

खर्च: भरडाई २००. पाच-पाच किलोच्या १२ पिशव्या, लेबलसकट १० रुपयांप्रमाणे १२०. पुण्यापर्यंत वाहतूक किलोला ३ रुपये धरली तर १८०. सांडलवंड, खराब, एखाद्याला दिलेली सूट, असे ८०. एकूण ५८०.

४,०२५ वजा ५८०, राहिले ३,४४५. खळ्यावरच्या भावापेक्षा ९४५ रुपये जास्त. मस्त वाटतंय ना? थांबा. माल अजून पुण्याच्या वेशीवरच आहे, गिऱ्हाइकाच्या दारात नाही.

रस्ता पहिला: प्रत्येकाला कुरियर. एका पाच किलोच्या पिशवीला ८० रुपये धरा. १२ पिशव्यांचे ९६०. म्हणजे जास्तीचे ९४५ गेलेच, वर १५ रुपये खिशातून. ताई, तुझं हेच झालं. तांदूळ वाईट नव्हता, रील वाईट नव्हता. एक-एक पिशवी कात्रजला, एक वाकडला, एक खराडीला, एक थेट नाशिकला. बारा थांबे, बारा दिशा.

रस्ता दुसरा: दुकानात ठेवायचा. दुकानदाराला १२ टक्के म्हणजे ४६८. उरले ४७७. मध्ये डिस्ट्रिब्युटर घातला, त्याचे ५ टक्के म्हणजे १९५, तर उरले २८२. वाईट नाही. पण दुकानदार पैसे माल विकल्यावर देणार, पंधरा दिवस, महिना. तोवर तुमचे पैसे अडकले. शिवाय त्याच फळीवर मोठ्या ब्रँडचा तांदूळ आहे, त्यांची स्कीम आहे. तुमची पिशवी मागच्या बाजूला सरकणारच.

रस्ता तिसरा: एका सोसायटीत एकगठ्ठा. महिन्यातून एक दिवस ठरवायचा. एकाच भागातल्या ऑर्डर आठवडाभर आधी गोळा करायच्या, एक टेम्पो करायचा, गेटवर उभं राहून माल द्यायचा. असं केलं तर वाटपाचा खर्च पिशवीला १५ रुपये धरू, १२ पिशव्यांना १८०. उरले ७६५.

माल तोच, भावही तोच. एका रस्त्यानं १५ रुपये तोटा, दुसऱ्यानं ७६५ रुपये वाढावा. दहा क्विंटलवर हाच फरक वजा १५० आणि ७,६५० असा होतो. यात तुमची स्वतःची मजुरी धरलेली नाही, तीही धरा. आठवडाभर फोन करणं, पिशव्या भरणं, हे काम फुकट नसतं. ती धरूनही परवडतं का, हाच खरा प्रश्न घरात बोलायचा.

कुठली सोसायटी? नकाशा बघा.

आपला रस्ता पुण्यात कुठं उतरतो, ते बघा. भोरचा माल कापूरहोळला हायवेला लागतो. वेल्हे, विंझर, मार्गासनीचा माल नसरापूरला येतो. दोन्ही पुढं सातारा रस्त्यानं कात्रजला उतरतात. म्हणजे आंबेगाव, कात्रज, धनकवडी ही तुमची बीट. पानशेत खोऱ्यातला माल मात्र खडकवासल्यावरून सिंहगड रोडला येतो. त्याची बीट धायरी, वडगाव, आनंदनगर.

वाकडची ऑर्डर आली तर? नम्रपणे सांगा, "ताई, आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी कात्रजला असतो, तिथून घेता येईल." ऑर्डर नाकारणं जिवावर येतं, माहितीय. पण सेल्समनसुद्धा आपल्या बीटबाहेरच्या एका दुकानासाठी टेम्पो वळवत नाही.

रील पण मग तसाच करायचा. लाख लोकांनी बघून काही होत नाही, धनकवडीतल्या पन्नास घरांनी बघितला पाहिजे. एक रील भावकीतल्या, गावातल्या त्या माणसाला पाठवा जो कात्रजला फ्लॅटमध्ये राहतो. भोर-वेल्ह्यातली कितीतरी माणसं नोकरीसाठी पुण्यात गेली आहेत. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी एक ओळ टाकली, "हा आमच्या गावचा तांदूळ, मी खातो," तर तुमच्या दहा रीलचं काम होतं. कंपनीनं 'शक्ती' बाई शोधली ना, तसा हा तुमचा माणूस. त्याला फुकट राबवू नका. दहा पिशव्यांमागं त्याला एक पिशवी द्या, नाहीतर काही पैसे द्या. काहीतरी ठरवाच.

आणि जे गिऱ्हाईक स्वतः दारात येतं?

हे तर आपण विसरतोच! शनिवार-रविवारी राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा, मढे घाट, इकडे पुण्यातून किती गाड्या येतात! माणूस स्वतःच्या पेट्रोलनं तुमच्या अंगणापर्यंत येतो. जाताना गाडीची डिकी रिकामी असते. वाटपाचा खर्च शून्य.

पण ट्रेकवाला दमलेला असतो, दहा किलोचं पोतं बघून पळतो. त्याला १ किलोची पिशवी दाखवा. शाम्पूच्या पुडीचा धडा इथं लावायचा. जिथं पिठलं-भाकरी, भात जेवायला घालता, तिथंच जेवण झाल्यावर म्हणा, "आत्ता खाल्लात तोच हा तांदूळ." चव जिभेवर असताना सांगितलेलं कळतं. पिशवीवर व्हॉट्सअॅप नंबर हवा, कारण १ किलो ही ओळख असते. खरी विक्री पुढच्या महिन्याच्या पाच किलोत.

कागदपत्रं: घाबरू नका, पण टाळूही नका

पटकन सांगतो. तांदूळ पॅक करून नावानं विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. पॅकबंद मालावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅक केल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत त्यासाठी.

जीएसटी: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के आहे. पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. धंदा वाढला, राज्याबाहेर माल पाठवायचा झाला, की आधी सीएला विचारा.

वजनकाटा पडताळणी केलेला वापरा. पाच किलोत पन्नास ग्रॅम जास्त गेलं तर चालेल, कमी गेलेलं चालत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पुरतो.

दुकानदार मित्रांनो, तुमच्यासाठी

भोरच्या पेठेत, नसरापूरला, वेल्ह्यात ज्यांची घरची दुकानं आहेत ते म्हणतील, आमचं काय? आता पुण्यात दहा मिनिटांत सामान पोचवणारी ॲप आहेत. ती आपल्याकडे आली तर?

आत्ताच्या हिशोबानं विचार करा. त्यांचं गणित दाट वस्तीवर चालतं. एका छोट्या परिघात भरपूर ऑर्डर लागतात. वाड्या विखुरलेल्या, पावसाळ्यात घाट बंद, तिथं ते सहज जमणार नाही. तुमचं बळ उधारीची वही, ओळख, आणि रस्त्यावरचं ठिकाण हे आहे. आणि एक काम तुम्हीच करू शकता: टेम्पो माल घेऊन वर येतो आणि बहुतेक वेळा रिकामा खाली जातो. तुमच्या दुकानात वाडीवरच्या चार घरांचा तांदूळ गोळा झाला, आणि तो परतीच्या गाडीत स्वस्तात गेला, तर किलोमागचे ते ३ रुपये कमी होतील. दुकान मग नुसतं विकायचं ठिकाण न राहता गोळा करायचंही होतं.

तर ताई, बाबांना काय सांगायचं?

बाबा चुकत नाहीयेत. सुगीला मजुरी द्यायची असते, सोसायटीचं कर्ज असतं, दिवाळी असते. खळ्यावरचे पैसे रोख असतात. तुझ्या रस्त्यानं पैसे चार-सहा महिन्यांत थोडे-थोडे येणार. घराला रोख लागते, हे तू आधी मान्य कर.

म्हणून सगळं भात मागू नकोस. दोन क्विंटल माग. त्यातून १२० किलो तांदूळ, म्हणजे पाच किलोच्या २४ पिशव्या. कात्रज-धनकवडीतली फक्त २४ घरं शोध. भरडायच्या आधी ऑर्डर आणि निम्मे पैसे घे. एका फेरीत वाट. वहीत प्रत्येक रुपया लिही, तुझी मजुरीसुद्धा. महिन्यानं त्या २४ घरांना एकच मेसेज कर: "तांदूळ संपत आला का?" त्यातल्या दहा घरांनी परत मागितला, तर वही घेऊन बाबांसमोर बस. नाही मागितला, तर दोन क्विंटलचंच नुकसान, आणि तेही थोडं. मग कारण विचारायला त्याच २४ घरांना फोन कर.

रील टाकत राहा, आम्हाला बघायला आवडतात. फक्त पुढच्या रीलच्या खाली लिही: "पहिला रविवार, कात्रज."

ज्यांनी असं सोसायटीत विकून बघितलंय, त्यांनी आपले आकडे व्हॉइस मेसेजवर पाठवा. फायदा झाला असेल तर पाठवाच, तोटा झाला असेल तर नक्कीच पाठवा. पुढच्या एखाद्या भागात तोट्याचा हिशोब उघडून बसू. चला, भेटू. काळजी घ्या, आणि गाडीवर असाल तर तो इअरफोन काढा!